पापडखाराचा तांब्या

मे महिना आला की आधी माझे खांदे दुखायला लागतात, मग कॅलेंडरकडे लक्ष जातं. डॉक्टर म्हणतात, वय झालं. झालं असेल. पण वय बारा महिने असतं आणि खांदे नेमके मेमध्येच का बोंबलतात, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. माझ्याकडे आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरच्या एका उन्हाळ्यात मी जळगावातल्या भाड्याच्या घरात समुद्र सांभाळला होता. हसू नका. समुद्राला शंभर कोसांवर ठेवून बसलेल्या, पंचेचाळीस डिग्रीत भाजणाऱ्या जळगावात, चार फूट लांबीच्या काचेच्या पेटीत खरंखुरं खारं पाणी होतं, आणि त्यात मुठीएवढं जिवंत प्रवाळ होतं. हौस यांची, हमाली माझी.

हे म्हणजे माझे यजमान. तेव्हा जहाजावर इंजिन विभागात होते. चार-पाच महिने पाण्यावर, दोन-तीन महिने घरी. कुठल्याशा परदेशी बंदरात कुणाच्या घरी त्यांनी अशी पेटी पाहिली आणि वेडच लागलं. सराफ बाजारात दागिन्यांच्या काचपेट्या बनवणाऱ्या कारागिराला धरून पेटी करून घेतली. त्यानं शेवटपर्यंत विचारलं, ‘‘साहेब, एवढ्या मोठ्या पेटीत कोणता हार ठेवणार?’’ मुंबईहून रेल्वेनं प्लास्टिकच्या कॅनमधून समुद्राचं पाणी आलं, थर्माकोलच्या खोक्यातून दगड आले, आणि त्यातल्या एका दगडावर हिरवट बोटं फुटल्यासारखं ते प्रवाळ. सगळं मांडून झालं, गल्लीनं रांग लावून पाहून घेतलं आणि हे फेब्रुवारीत जहाजावर निघून गेले. ‘‘जूनमध्ये येतो, तोवर एवढं जगव,’’ म्हणाले. जणू तुळशीला पाणीच घालायचं होतं.

आणि त्याच जूनच्या तोंडावर माझी परीक्षा होती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, पण तात्पुरत्या नेमणुकीवर. पात्रता परीक्षा पास व्हा, नाहीतर पुढच्या वर्षी राम राम, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलेलं. त्याआधी मी एकदा बसले होते आणि थोडक्यात आपटले होते. म्हणजे ही शेवटची संधी. माझं माहेर धुळ्याचं, वडील शाळामास्तर. ‘पोरगी प्राध्यापिका आहे’ हे ते बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे. त्यांना ‘होती’ म्हणायला लावायचं नव्हतं मला.

तर परीक्षा माझी आणि प्रवाळ यांचं, असं दोन्ही एका उन्हाळ्यात येऊन बसलं. मूल अजून नव्हतं, सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी आणि आबा. आबा माझे सासरे. भडगावकडची गिरणाकाठची शेती धाकट्या मुलाकडे सोपवून गुडघ्याच्या दुखण्यासाठी जळगावला आलेले. औषध दोन आठवड्यांत संपलं, पण ते राहिले. मला एकटीला सोडून जायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. तसं ते कधी म्हणाले नाहीत. ‘‘तठे भलता उकाडा शे,’’ म्हणायचे त्यांच्या अहिराणीत. तिकडे उकाडा, आणि इथे जणू हिमालयच होता!

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जीव. तो स्वतःभोवती स्वतःचं घर बांधतो. त्यासाठी त्याला पाण्यातला चुना लागतो, म्हणजे कॅल्शियम, आणि चुन्याला धरून ठेवणारा क्षार लागतो, त्याला आम्ही अल्कलिनिटी म्हणतो. दोन्ही लागतात आणि दोन्ही तोलात लागतात. एक कमी पडलं की घर थांबतं. दोन्ही एकदम जास्त घातलं की ते पाण्यातच एकमेकांना मिठी मारतात, पांढरी भुकटी होऊन तळाशी बसतात आणि प्रवाळाच्या वाट्याला काहीच येत नाही. लोकांना मी हे सांगितलं की लगेच म्हणतात, ‘‘संसाराचंही असंच असतं नाही का मॅडम?’’ मला काही पटत नाही. चुना आणि क्षार निदान मोजता तरी येतात.

मी मोजायची. कॉलेजातून मागून आणलेलं ब्युरेट, म्हणजे थेंब मोजायची काचेची नळी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभं असायचं, शेजारी मिसळणाचा डबा. पाण्याचा नमुना घ्यायचा, थेंब थेंब सोडायचा, रंग पालटला की आकडा लिहायचा. चुन्यासाठी बाजारातले महागडे डबे कुठले मिळायला तेव्हा? मी साधी चुन्याची निवळी करायची. चुना उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायचा, झाकून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी अलगद काढायचं. आमच्या आईनं आम्हाला लहानपणी चमचा चमचा पाजली तीच. क्षार वाढवायला खायचा सोडा, पाण्यात विरघळवून तांब्यात. निवळी पहाटे द्यायची, सोडा जरा उजाडल्यावर. दोन्हींत अंतर पाहिजेच.

निवळी एकदम ओतली तर जीव जातो, म्हणून सलाईनची नळी आणली होती. खिळ्याला बाटली टांगलेली, खाली पेटीत टप्, टप्. पहिल्या दिवशी आबा खुर्ची ओढून समोर बसले आणि बराच वेळ बघून म्हणाले, ‘‘आमना केळीसले ठिबक, तुमना दगडले बी ठिबक! मजा शे बठ्ठी.’’ म्हणजे सगळी मजाच.

मला मात्र त्यांनीच एकदा चांगलं शहाणं केलं. एप्रिलमध्ये पेटीतलं पाणी रोज दोन दोन बोटं उतरायला लागलं. कूलरचा झोत पाण्यावर सोडलेला, बाजूला ओली पोती, उडणार नाही तर काय! मी रसायनशास्त्राची एम.एस्सी., मी काय केलं, तर कॅनमधलं खारं पाणीच भरत गेले. आठवड्यानं प्रवाळ मिटून बसलं. आबांनी विचारलं, ‘‘काय टाकस तू?’’ मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. ‘‘पानी उडी जास बेटा, मीठ नई उडत. मीठ तठेच ऱ्हास. आमना वावरना एक तुकडा असाच खारवट व्हयी गया.’’ पाटाचं पाणी देऊन देऊन ज्याची जमीन पांढरी पडलेली असते त्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. मी थोडं खारं पाणी काढून गोडं भरायला लागले आणि चार दिवसांत बोटं परत फुलली. माझी मान मात्र आठवडाभर खाली होती.

त्यात भारनियमन, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. दुपारी वीज गेली की पंखा बंद, कूलर बंद, हवेचा पंप बंद. पाण्यात हवा गेली नाही तर सगळं गुदमरणार. मग आबा धोतर खोचून स्टुलावर चढायचे आणि तांब्यानं पेटीतलंच पाणी घेऊन उंचावरून पेटीत सोडायचे. परत भरायचं, परत सोडायचं. तास तास. गुडघे दुखतात म्हणून जळगावला आलेला माणूस! शेजारच्या सुशीलाकाकू दारातून डोकावून म्हणायच्या, ‘‘आबांचा अभिषेक चालू झाला वाटतं. प्रसादाला कधी येऊ?’’ मी दुसऱ्या टोकाला बसून पुस्तक वाचायची. दर दहा मिनिटांनी आबांना उतरवून मी चढायची. त्या पुस्तकाची पानं अजून माझ्याकडे आहेत, चुन्याच्या डागांनी कडक झालेली.

यांची पत्रं यायची. बंदराबंदरांची तिकिटं लावलेली, आत क्रमांक घालून सूचना. एक, पाण्याचं तापमान. दोन, दिवे किती तास. तीन, चुना चारशेच्या खाली जाऊ देऊ नको. सात-आठ सूचना झाल्या की मग ‘तू कशी आहेस?’ आणि मे महिन्यातल्या एका पत्रात खाली, सहीच्या वर, ‘परीक्षेचं फार मनावर घेऊ नकोस. घरात एक पगार येतोच आहे.’ माणूस वाईट नाही हो. प्रेमानंच लिहिलं होतं. पण ते वाक्य वाचून मी ओट्यापाशी उभी राहून रडले होते, हेही खरं.

मे म्हणजे वाळवणाचा महिना. आता पापड बचत गटाकडून पाकिटात येतात, तेव्हा गल्लीत पाळ्या लागायच्या. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. जिची पाळी तिच्याकडे सगळ्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. माझी पाळी आली नेमकी परीक्षेच्या आदल्या शुक्रवारी. रविवारी पुण्याला पेपर, शनिवारी पहाटे सहाची बस. मी काकूंना म्हटलं, या वर्षी राहू द्या. त्या कुठल्या ऐकतात! ‘‘अगं, तू पीठ दे, जागा दे, आणि बस तुझं पुस्तक घेऊन. पाळी मोडायची नसते.’’ आणि गुरुवारी संध्याकाळीच त्या पापडखार उकळून, गाळून, तांब्यात भरून माझ्या ओट्यावर निवळायला ठेवून गेल्या. स्टीलचा तांब्या, वर झाकणी. अगदी माझ्या सोड्याच्या तांब्यासारखा. बोहारणीकडून एकाच दिवशी घेतलेले होते आम्ही दोघींनी.

शुक्रवारी उजाडताच काकू परात घेऊन आल्या. जागा करायला त्यांनी दोन्ही तांबे उचलून इकडचा तिकडे, तिकडचा इकडे ठेवला. मी एका हातात पुस्तक धरून सूत्रं पाठ करत होते. दुसऱ्या हातानं नेहमीच्या जागेवरचा तांब्या उचलला, पेटीपाशी गेले आणि ओतला. पूर्ण. सूत्र म्हणत म्हणत.

पाणी पांढरं झालं. दुधाची पिशवी फुटावी तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. क्षणभर मला काही कळलंच नाही. मग बोटं एकमेकांवर घासली, ती साबणासारखी बुळबुळीत लागली. पापडखार. पाच किलो उडदाचा पापडखार मी समुद्रात ओतला होता. आतला सगळा चुना एका झटक्यात बाहेर पडत होता.

आबा दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘‘आबा, साधा गोटी सोडा आणा. डझनभर. पळा!’’ त्या सोड्यातला वायू खाराचा कडकपणा मोडतो, एवढं डोकं अजून चालत होतं. पळणार कसे ते? पण गेले. बाटल्यांचा खोका रिक्षात घालून आले. मग आम्ही दोघं फट् फट् गोट्या दाबत होतो आणि फसफसणारा सोडा पेटीत सोडत होतो. राखून ठेवलेले समुद्राच्या पाण्याचे दोन कॅनही रिकामे केले. मागच्या अंगणात बायका लाटत होत्या, हसत होत्या. काकूंचा आवाज आला, ‘‘पीठ काय सुरेख भिजलंय गं या वर्षी! मऊ लुसलुशीत!’’ भिजणारच. माझा खायचा सोडा होता त्यात. ते पापड वर्षभर तळले की लाल पडायचे आणि तेल प्यायचे, आणि सगळ्या बायकांनी मिळून बिचाऱ्या किराणावाल्याला शिव्या घातल्या. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. एकदा गप्प बसायची सवय लागली की ती लागते.

संध्याकाळपर्यंत पाणी थोडं निवळलं. प्रवाळ आक्रसून बसलं होतं, पण मेलं नव्हतं. कडेला एक हिरवी रेघ जिवंत दिसत होती. मी ब्युरेट लावलं, आकडे काढले. वाईट होते, पण हाताबाहेरचे नव्हते. दोन दिवस, दर दोन तासांनी मोजत, थेंब थेंब निवळी देत, सोड्याचा तोल धरत कुणी बसलं, तर वाचेल. असं मोजणारं घरात एकच माणूस होतं आणि त्याला सकाळी सहाची बस पकडायची होती.

भरून ठेवलेली पिशवी मी रिकामी करायला घेतली. आबांनी हात धरला. तोवर त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता, सासरे-सुनेचं तसं नसतंच आमच्याकडे. म्हणाले, ‘‘तू जाय. पेपर दे. याले मी देखसू.’’

‘‘आबा, तुम्हाला ते मोजता येणार नाही. आणि मेलं तर हे काय म्हणतील?’’

‘‘मोजता नई येस. थेंब पाडता येस. जाय.’’

मी गेले. खरं सांगू का? मला जायचंच होतं. त्यांनी एकदा म्हणायचा अवकाश होता. थेंब कमीजास्त करायच्या सलाईनच्या चकतीवर मी पेननं खूण करून दिली, निवळीच्या बाटल्या भरून ओळीनं ठेवल्या, आणि शनिवारी पहाटे बसमध्ये बसल्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटले बाई, असं वाटलं. चाळीसगाव येईपर्यंत मी झोपले होते. पेपर लिहिताना एकदाही मला ती पेटी आठवली नाही. चार महिने मी ज्या चुन्यासोड्यात हात बुडवून होते, त्याच्यावर प्रश्नपत्रिकेत एक ओळसुद्धा नव्हती.

सोमवारी दुपारी घरी आले. आबा पेटीसमोर खुर्चीत बसले होते. दाढीचे खुंट वाढलेले, धोतराला चुन्याचे डाग. सलाईन चालू होतं, मी केलेल्या खुणेवर अगदी बरोबर. टप्, टप्. आणि दगडावर बोटांचा पांढरा सांगाडा होता. मांस सगळं गळून गेलेलं.

‘‘काल सांजले गया तो, बेटा. मी बठ्ठं करं, तू सांगेल तसं.’’

काल संध्याकाळी गेलं होतं आणि तरीही ते सोमवार दुपारपर्यंत थेंब पाडत होते. मी म्हटलं, ‘‘मग अजून कशाला चालू ठेवलंत?’’ त्यांनी चकती फिरवून नळी बंद केली. मग विचारलं, ‘‘तुना पेपर कसा गया?’’

त्या घरात, त्या गल्लीत, त्या जगात हे विचारणारा तो एकटा माणूस होता. मी ‘बरा गेला’ म्हणाले आणि न्हाणीघरात जाऊन खूप रडले. दगडासाठी रडले की आबांसाठी, मला अजून सांगता येत नाही.

हे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आले. बॅग दारात ठेवली, बूटही काढले नाहीत, सरळ पेटीपाशी. बराच वेळ पाठमोरे उभे. मग वळले. चेहरा पार उतरला होता. ‘‘काय झालं?’’ एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं. मी तोंड उघडलं, आणि मागून आबा बोलले.

‘‘मी टाका पापडखार. माले वाटनं सोडाना तांब्या शे. हिले बोलू नको, ती पुन्याले गयेल व्हती.’’

मी आबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. हे ओरडले, ‘‘आबा, तुम्हाला हात लावायला सांगितला कोणी? कळत नाही तर हात कशाला लावायचा?’’ आणि आबा मान खाली घालून उभे राहिले. ज्याला खार आणि पाणी या घरात सगळ्यांत जास्त कळत होतं, तो माणूस! आणि मी? मी पाण्याचा पेला भरून आणला. यांच्यासाठी.

नंतर अंगणात एकटे सापडले तेव्हा मी म्हटलं, ‘‘आबा, असं का केलंत? मी सांगते त्यांना.’’ ते तंबाखू मळत होते. ‘‘काही सांगू नको. तुले याना संगे जलम काढना शे. बापवर पोऱ्याना राग कितला दिन टिकस?’’

महिनाभर टिकला. तेवढा महिना हे आबांशी धड बोलले नाहीत. मग पावसाळ्यात आबा भडगावला परत गेले. माझा निकाल लागला, मी पास झाले, नोकरी कायम झाली. धुळ्याला पेढे गेले, भडगावला गेले. पुढे निवृत्तीपर्यंत मी त्याच कॉलेजात शिकवलं. कार्बोनेटचा धडा दरवर्षी शिकवला आणि दरवर्षी त्या धड्याला मला दम लागायचा. मुलांना वाटायचं, मॅडम थकल्या. थकले होतेच. दर उन्हाळ्यात ठरवायचे, या वेळी यांना सांगून टाकू. मग म्हणायचे, आता पावसाळ्यात. असं करत करत वर्षं गेली. ते माझं लिहिलेलं काही वाचत नाहीत, म्हणून आज निदान इथे लिहून टाकते आहे.

आबा गेले तेव्हा तेराव्याला भडगावला सगळं गणगोत जमलं होतं. जेवणं चालली होती, रडणं ओसरून गप्पा सुरू झाल्या होत्या, जो तो आबांची एकेक आठवण सांगत होता. हे मायेनं म्हणाले, ‘‘अरे, आमच्या आबांनी एकदा माझ्या समुद्रात पापडखार ओतला होता! भोळा माणूस, त्यांना काय कळतंय!’’ सगळी पंगत हसली. मी वरणाचं भांडं घेऊन वाढत होते. कुणीतरी माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘खरं का वहिनी?’’

मी हसले आणि म्हणाले, ‘‘हो ना.’’